रविवारचा वनप्रेमी

रविवारचा वनप्रेमी हा बुलडाणा जिल्ह्याच्या सातपुड्यात हिवाळ्यात कळपाने आढळतो. मूळ वस्ती खामगाव, मलकापूर किंवा बुलडाणा शहर. संग्रामपूर तालुक्यातले अंबाबरवा अभयारण्य 1997 साली जाहीर झाले. सुमारे 127 चौरस किलोमीटरचे हे डोंगराळ सागवानी जंगल आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडते. वनप्रेमीच्या लेखी मात्र त्याची ओळख एकच, 'तिथं रेंज नाही'.

'सामान कमी घ्या, निसर्गात जातोय,' हा संदेश तो आठवडाभर ग्रुपवर टाकतो. नंतर स्वतःच डिक्कीत भरीत, पुऱ्या, ठेचा, सतरंजी आणि स्पीकर कोंबतो. निघण्याची ठरलेली वेळ पहाटे पाच, प्रत्यक्षात आठ. शेगाव वाटेतच, म्हणून महाराजांचे दर्शन होते. दर्शन झाले की कचोरी ओघानेच येते. सोनाळ्याला पोचेपर्यंत जंगली जनावरे सकाळची कामे आटोपून सावलीला गेलेली असतात.

पोशाख मिलिटरी रंगाचा. गळ्यात भाच्याची दुर्बीण, बहुधा उलटी. स्पीकर प्रवेशद्वारावरच ठेवावा लागतो, पण त्याची उणीव वनप्रेमी भासू देत नाही. हळू बोला, असे गाइडने सांगताच तो ते सर्वांना ओरडून समजावतो. गाइड अस्वलाने ओरबाडलेले खोड दाखवतो, सांबराच्या खुरांचे ठसे दाखवतो. याचे पालुपद एकच : "ते ठीक हाय भाऊ, पण वाघ कुठी हाय?" दूर भेकर ओरडते, गाइड कान टवकारतो, आणि नेमका तेव्हाच मागच्या सीटवर कचोरीचा पुडा फुटतो.

तरी माणूस वाईट नव्हे. पुडक्याचे कागद तो कुरकुरत का होईना परत गाडीत टाकतो आणि गाइडला आग्रहाने भरीत वाढतो.

परतताना "कायचा वाघ न् कायचं काय! पैसे वापस द्याले पाह्यजे," असे तो जाहीर करतो. 2019 मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक कॉलरधारी वाघ तेलंगणातून फिरत, 1,300 किलोमीटरहून जास्त चालून याच जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला होता. कचोरी नाही, सतरंजी नाही, आणि एवढे चालून तिथे वाघीणही नव्हती. त्याने पैसे परत मागितल्याची नोंद वनविभागाकडे नाही.