सासुरवाडीची वॉरंटी

जळगावात शोरूमचा तोटा नाही. तरी मोटारसायकल मी धुळ्यातून घेतली, कारण धुळ्यात माझी सासुरवाडी आहे आणि तिथल्या एका शोरूमात मेव्हण्याची 'ओळख' आहे. ओळखीपोटी लेगगार्ड फुकट मिळालं. एमएच १८ची पाटी मिरवत जळगावात शिरलो, तर सिग्नलवरचे एमएच १९वाले पाव्हणा समजून मला रस्ता सांगू लागले.

महिन्याभरात पायाशी टकटक सुरू झाली. वॉरंटी कंपनीची असते, कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला चालते, हे पुस्तिकेतलं कलम मी जळगावच्या सेंटरात खड्या आवाजात वाचून दाखवलं. सुपरवायझरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गाडी धुळ्याची ना? मग तिकडेच दाखवा."

तिकडे म्हणजे एरंडोल, पारोळा, फागणे करत नव्वदेक किलोमीटर. गाडी फागण्यापर्यंत टकटकायची आणि धुळं आलं की माहेरी आल्यासारखी शहाणी व्हायची. मेकॅनिकने इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवला, मुठीला कान लावला, डोळे मिटले. "आवाज ते येस नही ना, भाऊ!" मग मीच तोंडाने आवाज काढून दाखवला. जॉबकार्डवर त्याने इमानदारीत लिहिलं : 'कस्टमरकडून आवाज.'

अशा खेपा वाढल्यावर मी कायदा काढला. २० जुलै २०२०पासून लागू झालेल्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. सामनेवाल्याच्या गावी जायला नको. हे मी घरात जाहीर केलं. बायको म्हणाली, "खुशाल करा. आखाजीला भावासमोर मी कुठल्या तोंडाने जाऊ, तेवढं त्या कायद्यात बघा."

कायदा मिटला. पुढच्या खेपेला धुळ्यातच गाडी गतिरोधकावर आदळली आणि सगळ्यांच्या साक्षीने टकटकली. लेगगार्डचा बोल्ट सैल होता. पार्ट वॉरंटीत बसतो का, म्हणून विचारलं. "ॲक्सेसरी बसत नाही," काउंटरवरून उत्तर आलं, "आणि हे तर ओळखीत दिलेलं." पान्ह्याचे दोन आटे दिले, आवाज बंद.

दरम्यान प्रत्येक खेपेला सासूबाईंनी मांडे केले होते, भरीत केलं होतं. जावयाला सासुरवाडीची केवढी ओढ, म्हणून गल्लीत माझं नाव झालं होतं. आता गाडी तक्रारच करत नाही, तर सासूबाईंचा बायकोला फोन येतो : "जावईबापू रुसले का गं?"