अर्धा किलो, सगळीकडचं

रविवारी सकाळी साडेसातला मटणाच्या दुकानापुढे जी रांग लागते, तिच्यात एक अप्पा असतातच. गाव कुठलंही असो. काखेत कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा आणि नजर आकड्याला टांगलेल्या बोकडावर. आपल्याला तिथे बोकड दिसतो. अप्पांना सातबारा दिसतो.

"मागच्या मांडीला भुलू नका," कुणी विचारलेलं नसताना ते सांगतात. "दळ भरपूर, पण शिजायला रडवते. पुढचा फरा घ्या, लोणी आहे लोणी. रश्शाला सीना, चरबी सुटते. गर्दनीत हाडं फार, पण खरी चव तिथेच."

दुकानाची ही भाषा अप्पांनी आयुष्यभर जोपासली आहे. सीना, गर्दन, गुर्दा फारसीतून आलेले. चाप थेट साहेबाच्या ताटातली. मुंडी आणि खूर तेवढे घरचे. एका नव्या जावईबापूंनी एकदा "छातीचं द्या" म्हटलं, तर अप्पांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते बिचारे अंडी घेऊन गेले. अप्पांचा सिद्धान्त असा, की प्रेमात द्यायचं ते काळीज आणि कांद्यावर परतायची ती कलेजी. हे मला मनापासून पटतं. मात्र हा कोश ते कुठेही उघडतात. मध्यंतरी पाय धरला तेव्हा डॉक्टरांना म्हणाले, "पुठ्ठ्यातून कळ निघते, ती पार नळीपर्यंत."

एवढी पूर्वतयारी झाल्यावर नंबर येतो आणि ऑर्डर सुटते. "थोडा सीना, दोन चापा, नळी विसरू नको, गर्दनीचा एक तुकडा, बाकी पुढचा फरा. वर कलेजी, गुर्दा."

"किती देऊ?"

"अर्धा किलो."

आता वीस किलोचा बोकड सोलून-साफ करून नऊ-दहा किलो भरतो. त्यात कलेजी जेमतेम पाव-अर्धा किलो, गुर्दे दोन, बरगड्या एका बाजूला तेरा. रांगेत माणसं चाळीस, आणि नळी सगळ्यांनाच हवी.

"अप्पा, बोकडाला पाय चारच असतात," खाटीक म्हणतो आणि सत्तूर चालवतो. ओंडक्यावर खटाखट आवाज होतो, हाताला येईल ते तुकडे होऊन तराजूत पडतं.

"चाप टाकली?"

"टाकली."

"सीना?"

"टाकला ना अप्पा."

त्यांच्यामागे मी होतो. मी फक्त "अर्धा किलो" म्हणालो. घरी पिशवी उघडली, तर दोन नळ्या निघाल्या. हे मी अप्पांना आजतागायत सांगितलेलं नाही.

त्याच दुपारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. रस्सा झणझणीत, तर्री बोटभर. अप्पा वाटीतला एकेक तुकडा उचलून त्याचं मूळ गाव सांगत होते. एक मऊ तुकडा तोंडात टाकून त्यांनी डोळे मिटले.

"पुढचा फरा! जिभेवर विरघळतोय. म्हटलं नव्हतं?"

"अहो," काकू भाकरी वाढत म्हणाल्या, "बटाटा आहे तो."

अप्पांनी डोळे उघडले नाहीत. सावकाश चावत म्हणाले, "असेल. पण फऱ्याजवळच शिजलाय."