पडवीतल्या कॅमेऱ्यास अनावृत पत्र

प्रति,
वाय-फाय कॅमेरा महोदय,
पडवीचा वासा, उसाच्या कडेची वस्ती,
तालुका जुन्नर अथवा आंबेगाव, जिल्हा पुणे.

विषय : रात्रपाळीतील वारंवार गैरहजेरीबाबत.

महोदय,

कुकडी आणि घोड या नद्यांवर धरणे झाली, त्यांच्या पाण्यावर दोन्ही तालुक्यांत ऊस वाढला, उसाने बिबट्याला आडोसा दिला, आणि त्या आडोशातून निघून थेट गोठ्यापर्यंत येणाऱ्याची खबर घरधन्याला वेळेत मिळावी एवढ्याच हेतूने महोदयांची वाशावर नेमणूक झाली. खोक्यावर छापलेल्या गुणवर्णनात महोदयांना अंधारात दिसते, हालचाल कळते आणि मुंबईस नोकरीला असलेल्या मुलाच्या मोबाइलवर तत्काळ वर्दी देता येते, असे तीन दावे होते. प्रत्यक्षात दिवसभर अंगणातल्या कोंबड्यांचे निर्दोष चित्रण करणारे महोदय दिवेलागण झाली की डगमगू लागतात, मध्यरात्री मोबाइलवर ‘डिव्हाइस ऑफलाइन’ एवढीच अक्षरे उरतात, आणि सकाळी खुंट्याला कुत्र्याची नुसती साखळी दिसते. सबब खुलासा मागवण्यात वेळ न दवडता चौकशी घरच्याच पातळीवर करण्यात आली असून तिचे निष्कर्ष येथे जाहीरपणे मांडले जात आहेत.

महोदयांचा नेहमीचा बचाव असा की, राउटर लांब आहे. राउटर म्हणजे फायबरच्या तारेने आलेले इंटरनेट रेडिओलहरींच्या रूपाने घरभर वाटणारी पेटी. ती बहुधा माजघरात टीव्हीच्या मागे कोंबलेली असते आणि महोदयांपासून तिचे अंतर फार तर चाळीस फूट भरते. याच जुन्नर तालुक्यात खोडद परिसरात जीएमआरटी ही प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी आहे, आणि सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दूरच्या दीर्घिकेतील हायड्रोजनपासून निघालेला संदेश तिच्या साहाय्याने टिपला गेल्याची वार्ता जानेवारी २०२३ मध्ये जगभर पसरली. असा शेजार असताना चाळीस फुटांचे रडगाणे शोभत नाही. (दुर्बिणीमुळे अडथळा येतो, असे म्हणण्याचीही सोय नाही, तिच्या तबकड्या केवळ ऐकतात, स्वतः काही प्रक्षेपित करीत नाहीत, आणि ज्या लहरी त्या ऐकतात त्यांची वारंवारता वाय-फायच्या बरीच खाली असते.)

तथापि न्यायबुद्धीने पाहता दोष एकट्या महोदयांच्या माथी मारता येत नाही. महोदयांचे कान २.४ गिगाहर्ट्‌झ या पट्ट्यावर, म्हणजे सेकंदाला सुमारे २४० कोटी आंदोलने करणाऱ्या आणि साडेबारा सेंटिमीटर तरंगलांबीच्या लहरींवर बेतलेले आहेत. जुन्या घराची काळ्या दगडाची रुंद भिंत या लहरींचा जोर काढून घेते, पत्रा त्यांना परतवून लावतो, आणि कॅमेरा गोठ्यापलीकडे असेल तर मधला ओला, पुरुषभर उंचीचा ऊसही त्यांतला वाटा गिळतो. म्हणून राउटर टीव्हीमागून काढून पडवीकडच्या खिडकीत, उंचावर आणि लोखंडी कपाटापासून दूर ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय नवा कॅमेरा विकत घेण्याआधी करून पाहावयाचा असतो. मात्र घरात तो सुचतो सर्वांत शेवटी, कारण टीव्हीमागची जागा बसवणाऱ्याने ठरवलेली असते आणि बसवणाऱ्याचा शब्द वस्तीवर सहसा कोणी मोडत नाही. दुसरी गफलत नावाची. आजचे बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ असे दोन पट्टे एकाच नावाने चालवतात. मोबाइल वेगवान परंतु आखूड पल्ल्याच्या ५ च्या पट्ट्याला जाऊन चिकटतो, महोदयांपैकी बहुसंख्यांना तो पट्टा मुळी कळतच नाही, आणि जोडणी करताना दोघांची चुकामूक होते. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावे दिली की ही तक्रार मिटते. पासवर्ड बदलून महोदयांना न कळवणाऱ्या घरच्या मंडळींविषयी येथे मौन पाळलेले बरे.

चौकशीचा खरा ऐवज मात्र रात्रीचा आहे. दिवसा महोदय सूर्याच्या उजेडावर पाहतात. अंधार पडताच भिंगाभोवतीचे अवरक्त दिवे, म्हणजे माणसाच्या डोळ्याला न दिसणारा प्रकाश टाकणारे बारीक एलईडी, आपोआप लागतात आणि महोदयांची विजेची भूक एकदम वाढते. पाच व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर माजघरात आणि त्याची केसासारखी बारीक वायर वाढवत वाढवत पडवीपर्यंत आणलेली, अशी मांडणी असेल तर वाढलेल्या भारानिशी वाटेतच व्होल्टेज गळते, महोदय बंद पडतात, बंद पडताच दिवे विझतात, भार उतरतो, महोदय पुन्हा जागे होतात, दिवे पुन्हा लागतात, आणि हे चक्र उजाडेपर्यंत चालते. घरात याला ‘नेट जातंय’ म्हणतात आणि इंटरनेटवाल्याला फोन लावतात. खात्रीची परीक्षा सोपी आहे : महोदयांना खाली उतरवून राउटरशेजारी, मूळच्या आखूड वायरवर, अंधाऱ्या खोलीत रात्रभर चालवावे, तेथे ते तग धरून राहिले तर संशय वायरवर आणि अंतरावर येतो, आणि मग तीच लांब वायर तेथे जोडून पाहिली की दोघांतला गुन्हेगार कळतो. वायर दोषी ठरल्यास २३० व्होल्टची जाड, उन्हापावसात टिकणारी वायर वायरमनकडून पडवीपर्यंत ओढून घ्यावी आणि अ‍ॅडॉप्टर तेथेच बंद पेटीत बसवावा.

त्यात वस्तीवरची वीज. ती गेली की राउटरही आडवा होतो. आल्यावर महोदय आधी उठतात, राउटर आणि फायबरची पेटी सावकाश उठतात, आणि काही स्वस्त महोदय तेवढ्या वेळात शोधाशोध सोडून देतात. राउटर, फायबरची पेटी आणि कॅमेरा या तिघांना छोट्या बॅटरीचा आधार दिल्यास आणि महोदयांच्या पोटात मेमरी कार्ड घातल्यास नेट नसतानाही चित्रण घरात राहते. वर्दी तेवढी जात नाही.

वर्दी गेली तरी तिची किंमत काय उरली आहे, हाही प्रश्न आहे. अवरक्त दिव्यांपाशी किडे जमतात, किड्यांसाठी कोळी भिंगासमोरच जाळे विणतो, वाऱ्याने जाळे हलले की ‘हालचाल आढळली’ असा निरोप मुंबईस जातो, आणि असे निरोप रात्रभर आल्यावर मुलगा मोबाइल उपडा ठेवून झोपतो. बिबट्या आला तर तोही त्याच निरोपात जमा. शिवाय महोदयांनी पाहिल्याने बिबट्या थांबत नाही. शेळ्या वाचतात त्या चारही बाजूंनी आणि वरून जाळी मारलेल्या गोठ्याने, आणि नुकसान झालेच तर भरपाईसाठी वनविभागाचा पंचनामा लागतो, ज्यासाठी मेलेले जनावर जागेवरून हलवायचे नसते. महोदयांवर झालेल्या खर्चात जाळीचा काही भाग आला असता, ही नोंद केवळ माहितीसाठी.

सबब आदेश असा की, महोदयांची बडतर्फी तूर्त स्थगित ठेवण्यात येत आहे. राउटरने सात दिवसांत खिडकीत रुजू व्हावे, बारीक वायरची सेवा समाप्त समजावी, आणि कोळ्याने आपले जाळे काढून घ्यावे, अन्यथा ते दर रविवारी कुंच्याने काढले जाईल व त्याबाबत कोणतीही तक्रार ऐकली जाणार नाही.

कळावे.

घरधनी यांच्या वतीने

प्रत माहितीस्तव : माजघरातील राउटर, मुंबईतील मुलगा, कोळी.