नळीमुखीच्या काजळीचे संगोपन

दुचाकी बाळगणाऱ्या गृहस्थाने तिच्या आरशांची, आसनाची व नंबराच्या पाटीची कोणती निगा राखावी याविषयी विक्रेत्यांनी पुष्कळ उपदेश करून ठेविला आहे. परंतु सायलेन्सरच्या नळीच्या तोंडाशी जी काजळी यथावकाश जमते, आणि जी गाडीच्या सबंध संसारातील एकमेव शिलकी बाब होय, तिच्या संगोपनाची पद्धतशीर माहिती कोठेही नमूद नसल्यामुळे, २७ वर्षे एकच टू-स्ट्रोक स्कूटर पुण्याच्या रस्त्यांवर हाकून जे ज्ञान आम्ही संपादिले ते जिज्ञासूंपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

प्रथम वाहनाची निवड. फोर-स्ट्रोक गाडीत वंगण खालच्या कोठडीत कोंडलेले असते व निरोगी इंजिनात ते जळणाच्या वाटेस फारसे जात नाही, सबब तिच्या भरवशावर पीक काढू पाहणाऱ्याच्या पदरी निराशा येण्याचा संभव अधिक. टू-स्ट्रोकची वहिवाट उदार. तिच्यात ऑइल पेट्रोलातच मिसळलेले असते. पिस्टनाची सेवा आटोपली की तेही ज्वलनास जाते, आणि प्रकृतीने जड असल्यामुळे पुरते जळत नाही. शिवाय ताजे मिश्रण आत येत असता धुराचे दार उघडेच राहत असल्याने त्यातील काही हिस्सा न जळताच बाहेरचा रस्ता धरतो. ही अर्धदग्ध मंडळी नळीच्या थंड टोकाशी आली म्हणजे तेथेच मुक्काम ठोकतात. आमच्या आजीच्या माजघरात एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी धरून काजळ पाडीत, त्यातले शास्त्र याहून फारसे निराळे नव्हते. आणि पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांच्या इंजिनांना वंगण म्हणून एरंडेलच पाजीत असत हे कळल्यापासून आजी आणि ते वैमानिक यांना आम्ही एकाच घराण्यातले समजू लागलो आहो.

ऑइलाचे प्रमाण पन्नासास एक, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर, असे आमच्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले आहे. पुस्तिका लिहिणारे लोक हात राखून लिहितात असे समजावे, आणि पंपावरच्या पोराने ‘काका, किती टाकू?’ असे विचारताच ‘टाक अजून थोडं, इंजिनाला बरं असतं’ असे सढळपणे सांगावे. सकाळी गाडी सुरू करताना चोक ओढावा व तो परत ढकलण्याची आठवण निदान डेक्कन येईपर्यंत होऊ देऊ नये, म्हणजे पेट्रोल मुबलक व हवा बेताची अशी जी स्थिती काजळीस मानवते ती विनासायास प्राप्त होते. एअर फिल्टर उघडून पाहणे हा तर निव्वळ भोचकपणा होय. त्यात जमलेल्या धुळीने हवेची आवक परस्पर रोखिली असता आपण मध्ये का पडावे? आणि दुधाची पिशवी आणावयास, दुकान दोनशे पावलांवर असले तरी, गाडीनेच जावे. इतक्या अल्प प्रवासात इंजिनास ऊब येत नाही, आणि ऊब न आलेल्या इंजिनासारखा काजळीचा पालनकर्ता दुसरा नाही.

पीक कितपत आले याची रुजुवात बोटाने करावयाची. गाडी थंड असताना (आमच्या तर्जनीवरील डाग हा या अटीच्या आवश्यकतेचा पुरावा होय) नळीच्या आतल्या कडेवरून बोट अर्धा फेर फिरवावे. कोरडी, मखमलीसारखी, फुंकरीने उडणारी काळी भुकटी आली तर चोक व फिल्टर यांनी आपले काम चोख बजावले असे मानावे. चिकट, ओली, डांबरासारखी तार धरणारी आली तर ती कृपा ऑइलाची. करडा किंवा तपकिरी पातळ लेप आला तर मात्र मालकाने आत्मपरीक्षण करावे. शिसेयुक्त पेट्रोलाच्या अमदानीत निरोगी इंजिनाची नळी फिकट करडी दिसे व तेवढ्यावरून जाणते लोक मालकाची पारख करीत. परंतु १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले, चांगल्या इंजिनांची तोंडेही काळवंडू लागली, आणि दक्ष व आळशी यांच्यातील ही ढोबळ खूण बाद झाली. आमच्या वर्गाला मिळालेली ही सनदच म्हणावी.

पीयूसीच्या दाखल्याचे भय नवशिक्यांना उगाच वाटते. तपासणीवाला नळीत सळई सरकवितो, इंजिन मंद गतीवर ठेवून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे आकडे घेतो, आणि ३१ मार्च २००० पूर्वी तयार झालेल्या आमच्यासारख्या दुचाकीस पहिल्याबाबत ४.५ टक्क्यांपर्यंत व दुसऱ्याबाबत ९,००० पीपीएमपर्यंत मुभा आहे. नळीच्या ओठावरील थराविषयी ते यंत्र चकार शब्द काढीत नाही. त्या दिवसापुरता चोक आत ढकलावा, गाडी स्वारगेटपर्यंत फिरवून गरम करावी, सहा महिन्यांचा दाखला खिशात घालावा आणि चोक पुन्हा ओढावा.

काजळीच्या आरोग्यविषयक बदनामीकडे लक्ष देऊ नये. लंडनच्या पर्सिव्हल पॉट नामक शल्यवैद्याने १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला हे खरे; पण ते सर्व लोक काजळी काढणारे होते. ती जागच्या जागी राहू देणाऱ्या घरमालकांविषयी त्याने काही तक्रार नोंदविल्याचे आमच्या वाचनात नाही, यावरून वाचकांनी काय तो निष्कर्ष काढावा.

आता आमच्या संगोपनाचा शेवट कसा झाला तेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. गेल्या पावसाळ्याअखेर कात्रजच्या चढावर दुधाचे कॅन लटकाविलेल्या एका सायकलीने आम्हांस मागे टाकिले, आणि कॅन भरलेले होते. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने किक मारली, नळीपाशी तळहात धरला व ‘काका, पार कार्बन धरलाय, सायलेन्सर जाळायला लागेल’ असे फर्मान काढले. आमची कैफियत न ऐकताच त्याने सायलेन्सर उतरविला, रॉकेलात भिजविलेल्या चिंध्या आत कोंबून पेटविल्या, आणि पांढरा धूर सरून काळा व काळा सरून काहीच येईनासे झाल्यावर लाकडी ठोकळ्याने तो सर्व बाजूंनी बडविला. जुन्या वर्तमानपत्रावर खपल्यांचा जो ढीग पडला तो उसळीच्या वाडग्यात मावला नसता. त्याने तो कागदासकट गुंडाळून कचऱ्यात टाकिला व आमच्याकडे तीनशे रुपये मागितले.

गाडी हलकी झाली, चढावर चालू लागली, पेट्रोलही कमी पिऊ लागली. परंतु एरवी ती गल्लीच्या तोंडाशी आली की तिच्या धापांवरून आमची मंडळी चहाचे आधण ठेवीत असत. त्या संध्याकाळी आम्ही दारावरची घंटा वाजविली तेव्हा आतून ‘कोण आहे?’ असा प्रश्न आला, आणि चहास अर्धा तास लागला.