पुण्याच्या संघांचा उतारा

खुटबावसारख्या गावात, जिथे एक्सप्रेस गाड्या स्टेशनाकडे ढुंकूनही न पाहता निघून जातात आणि उसाला पाण्याची पाळी केव्हा यायची याखेरीज अन्य कोणत्याही क्रमवारीविषयी मनुष्यमात्रास फारशी आस्था नसते, तिथे राहून पुण्याच्या फुटबॉल संघांच्या गुणतक्त्यावर श्रद्धा ठेवणे हे व्रत म्हणावे की व्यसन, याचा निवाडा मी आमच्या कुटुंबावर सोपविला होता. आणि कुटुंबाने तो व्यसनाच्या बाजूने, तारीख न पाडता, देऊन टाकला.

या विषयाचे गावातील माझे एकमेव श्रोते म्हणजे सेवानिवृत्त तलाठी भाऊसाहेब. फुटबॉलचा सामना त्यांनी उभ्या हयातीत पाहिलेला नाही. परंतु रकाने पाडून आकडे भरलेला कोणताही कागद समोर आला की त्यांचा चष्मा कपाळावरून आपसूक नाकावर उतरतो, बोट पहिल्या ओळीवर टेकते, आणि सामने, विजय, बरोबरी, पराभव व गुण हे रकाने ते क्षेत्र, आकार आणि इतर हक्क यांच्याच गांभीर्याने वाचू लागतात.

पुणे एफसीचा उतारा त्यांना प्रथमदर्शनीच पसंत पडला. २००७ साली स्थापन झालेला हा संघ २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये उतरला तो पहिल्याच हंगामात तिसरा आला, आणि २०१२-१३ मध्ये तर चर्चिल ब्रदर्सच्या ५५ गुणांना ५२ गुणांनी झुंज देऊन दुसरा. समर्थक या संघाला प्रेमाने लाल सरडे म्हणत, आणि सरड्याची धाव जिथपर्यंत असावी असे आपले पूर्वज सांगून गेले, तिथपर्यंत ती बरोबर गेली. हे सामने पाहण्यासाठी मी पॅसेंजरने पुणे गाठून, अख्खे शहर पूर्वेकडून पश्चिमेस ओलांडून बालेवाडीस जात असे. परतीची शेवटची गाडी चुकू नये म्हणून सामना ऐन रंगात आला असता पायऱ्यांवरील लोकांचे गुडघे ओलांडीत, त्यांच्या शेलक्या विशेषणांचा स्वीकार करीत मी बाहेर पडे. त्यामुळे आमच्या संघाचे कित्येक विजय मला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रानेच कळविले. असा हा चोख वहिवाटीचा संघ २०१५ मध्ये बंद झाला. “पण खाडाखोड तर कुठंच दिसत नाही,” भाऊसाहेब कागद उजेडाकडे धरून म्हणाले.

त्यांच्या बुद्धीची खरी कसोटी पुढेच होती. २०१४-१५ मध्ये पुण्याचाच भारत एफसी हा नवा संघ अकरांत अकरावा आला. परंतु थेट प्रवेश मिळालेल्या संघास खालच्या श्रेणीत ढकलू नये अशी सवलत असल्याने ढकलला गेला तो त्याच्या वरचा, दहावा, म्हणजे पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा डेम्पो! भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “हे इनाम दिसतंय. सारा माफ. शेजारच्या रयतेनं भरायचा.” फुटबॉलच्या नियमावलीवर याहून नेमके भाष्य मी वाचलेले नाही. हा इनामदारही त्याच वर्षी निघून गेला, ही गोष्ट निराळी.

पुढल्या हंगामात डीएसके शिवाजियन्स, पुण्याचाच आणि थेट प्रवेशाचाच, नवांत नववा आला आणि बेदखल झाला आठवा ऐझॉल. पुढे गोव्याच्या संघांनी माघार घेतल्यामुळे ऐझॉलला परत बोलाविण्यात आले, आणि त्या मिझोरामी संघाने २०१६-१७ ची आय-लीग चक्क जिंकली; शिवाजियन्सने त्याच वर्षी गाशा गुंडाळला. माझे तर असे मत बनले आहे की, पुण्याचा संघ स्वतः विजेता होत नसला, तरी त्याच्या हातून अन्याय झालेल्याचे कोटकल्याण होते.

आणि पुणे सोडून जाणाऱ्याचेही! इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी २०१४ पासून खेळत होता, २०१७-१८ मध्ये चौथा येऊन उपांत्य फेरीत गेला, तिथे बंगळुरूकडून हरला, आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबाद एफसीच्या नावे झाली. तीन वर्षे उलटली नाहीत तोच, २०२१-२२ मध्ये, हैदराबाद विजेता! भाऊसाहेबांना मी ही वार्ता दबकतच सांगितली, कारण पुण्याचे निजामाकडे जावे हा प्रकार त्यांना तत्त्वतःच नामंजूर होता.

२०२५ मध्ये हैदराबादचाही संघ उठून दिल्लीस गेला, आणि त्याचे नामकरण स्पोर्टिंग क्लब दिल्ली असे झाले, हे कळल्यावर मी तातडीने त्यांच्या ओसरीवर हजर झालो. भाऊसाहेबांनी सर्व हकिकत शांतपणे ऐकून घेतली, तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली आणि विचारले, “दिल्लीपर्यंत गेलं म्हणता? मग आता हरकत कुठं नोंदवायची?”