धावपट्टी वाढेल, पूर वाढणार नाही: नवशिक्या सल्लागारासाठी पहिला धडा

अभिनंदन! नदीकाठच्या विमानतळाची धावपट्टी लांबवायची आहे आणि त्यामुळे पुराचे काय होईल, याचा अहवाल तुमच्याकडे आला आहे. निष्कर्ष तयारच आहे: 'परिणाम नगण्य'. त्याच्या अलीकडची तीनशे पाने तेवढी भरायची.

सर्वांत आधी नदीला नाला म्हणायला शिका. मुंबईची मिठी घ्या. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन सुमारे 18 किलोमीटर वाहत ती माहीमच्या खाडीला मिळते. विमानतळ वाढत गेला तशी तिला काटकोनी वळणे मिळाली आणि धावपट्टीखालून वाट काढावी लागली. पाण्याला काटकोन जमत नाही. वळणावर त्याचा वेग मरतो, गाळ बसतो आणि मागच्या वस्त्यांत पातळी चढते. पण हे सगळे नदीचे झाले. नाल्याला मोरी पुरते.

मग ऋतू निवडा. इथे प्रथाच तुमच्या मदतीला धावते. पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाला साधारणपणे एका ऋतूची मूळ आकडेवारी चालते आणि तो ऋतू पावसाळा सोडून कोणताही. म्हणजे पुराचा अहवाल लिहिणाऱ्याने जानेवारीत काठावर उभे राहून नदी पाहिली तरी कोणी हरकत घेत नाही. फोटो भरपूर काढा. पात्रात क्रिकेट खेळणारी पोरे चौकटीत आली तर उत्तमच.

पाऊस निवडताना मात्र जपून. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला शंभराच्याही आत. सांताक्रूझची वेधशाळा विमानतळाला खेटून आहे, ही माहिती अहवालात आलीच पाहिजे असे नाही. दोन्हींची सरासरी काढा आणि तीही जड वाटली तर 'अपवादात्मक घटना' म्हणून सगळेच वगळा. शहरातल्या जुन्या पावसाळी गटारांचा हिशेब ताशी 25 मिलिमीटरचा होता, तोही समुद्राला ओहोटी आहे असे धरून. त्या दिवशी दुपारी भरती 4.48 मीटरची होती. भरती हा शब्द अहवालात शक्यतो नोकरभरतीपुरताच ठेवा.

पूररेषा दोन: निळी 25 वर्षांच्या पुराची, लाल 100 वर्षांच्या. 'शंभर वर्षांतून एकदा' असे वाचले की साहेबांना वाटते, आता नव्याण्णव वर्षे चिंता नाही. त्यांना वाटू द्या. खरा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता असा आहे. तीस वर्षांत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता 26 टक्क्यांवर जाते. हे परिशिष्टात टाका, बारीक टायपात.

आता गणित. पात्र किती खडबडीत आहे ते सांगणारा मॅनिंगचा गुणांक गुळगुळीत काँक्रीटला 0.015च्या आसपास धरतात, झाडोरा आणि दगडगोटे असलेल्या पात्राला त्याच्या दुप्पट किंवा अधिक. गुणांक दुप्पट झाला की त्याच पातळीला निम्मेच पाणी पुढे सरकते. तुम्ही काँक्रीटच धरा. प्लास्टिक, फाटक्या गाद्या आणि तबेल्यांचे शेण यांना पुस्तकात गुणांक नाही.

धावपट्टी पूरपातळीच्या वर हवी म्हणून भराव येणारच. जिथे पाणी पसरायचे तिथे माती आली की पाणी शेजाऱ्याकडे जाते. गवताच्या एका हेक्टरचे डांबर झाले तर 100 मिलिमीटर पावसात जवळजवळ दहा लाख लिटर पाणी न मुरता निघते, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. यावर उपाय सोपा आहे: नकाशा विमानतळाच्या कुंपणावर संपवा.

कोणी चेन्नईचे नाव काढेल. तिथली दुसरी धावपट्टी पूल बांधून अड्यार नदीपलीकडे नेली आणि डिसेंबर 2015 च्या पुरात विमानतळ काही दिवस बंद पडला. 'तिथली भूस्तररचना वेगळी आहे,' असे शांतपणे सांगा. कोणतीही भूस्तररचना दुसरीपेक्षा वेगळीच असते, त्यामुळे हे वाक्य कधी खोटे ठरत नाही.

राहिली जनसुनावणी. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी मंचावर, समोर गावकरी आणि झोपडपट्टीतली माणसे. मागच्या रांगेतून एखादी आजी उठेल. "साहेब, सव्वीस जुलैला पाणी माळ्याला लागलेलं. भिंतीवर डाग आहे अजून, बघायला या." इथे सावध व्हा, कारण त्या सभागृहात खरी पूरपातळी ठाऊक असलेली बाई तीच. असे पंधरा-वीस डाग लेव्हल लावून मोजले, तर तुमचे संगणकी प्रतिमान खरे बोलते की नाही ते दोन दिवसांत कळते आणि खर्चही किरकोळ येतो. म्हणून आजींना चहा पाठवा, 'नोंद घेतली' असे इतिवृत्तात लिहा आणि सर्व्हेअरला सांगा, टेप गाडीतच राहू दे.