आधी तार, मग भिंत

इलेक्ट्रिक गाडी बुक करताना घरात आठवडाभर रंगावर चर्चा होते आणि चार्जर कुठे बसवायचा हे डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी आठवतं. हा क्रम उलटा करा. गाडी रात्री जिथे उभी राहणार तिथपर्यंत वीज कुठून आणि कशी येणार, हे कागदावर उतरल्याशिवाय शोरूममध्ये टोकन देऊ नका.

स्वतंत्र बंगला असेल तर काम सोपं आहे. मीटरला जवळची आणि पावसाची झड न लागणारी भिंत निवडायची. भिंतीवर खूण करण्याआधी गाडी रोज जशी लावता तशीच लावून बघायची. पंच ईव्हीचं चार्जिंग सॉकेट पुढे नाकावर आहे, नेक्सॉन ईव्हीचं मागे, जिथे पेट्रोलचं झाकण असतं तिथे. चार्जरची केबल बहुधा पाचेक मीटरची. ती बॉनेटवरून किंवा येण्याजाण्याच्या वाटेवरून ओढावी लागली तर जागा चुकली. बंगल्याचा विषय इथेच संपला.

खरी लढाई सोसायटीत आहे. पुण्या-मुंबईत, ठाण्यात, नाशकात बहुतेक गाड्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये झोपतात आणि तिथे सभासदाच्या अर्जाला तीन ठरलेली उत्तरं मिळतात. एकेक घेऊ.

पहिलं उत्तर: ‘एकाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल.’ बरोबर. सगळ्यांनाच द्यावं लागणार आहे. म्हणूनच पहिल्या अर्जाच्या दिवशी सगळ्यांचा विचार करायचा. गाडीचं चार्जिंग ही सेवा आहे, वीज विक्रीचा परवाना त्याला लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच स्पष्ट केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियम दुरुस्त झाले आणि ईव्हीसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागण्याचा अधिकार ग्राहकाला मिळाला. नव्या जोडणीची मुदतही त्यात कमी झाली: महानगरांत तीन दिवस, इतर पालिका क्षेत्रांत सात. म्हणजे सरकारी दार उघडं आहे. अडतं ते सोसायटीच्या कमिटीत.

कमिटीचा अधिकार मात्र मी कमी लेखत नाही. स्टिल्ट पार्किंग ही बिल्डरने सुटी विकायची वस्तू नाही, ती इमारतीची सामाईक जागा आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला. जागा सोसायटीची असेल तर तिथे वीज पोहोचवण्याची जबाबदारीही सोसायटीने घ्यायला हवी. सभासदाला नुसती एनओसी देऊन किंवा नाकारून ती संपत नाही. पार्किंग अपुरं असलेल्या सोसायट्यांत दर वर्षी चिठ्ठ्या टाकून जागा बदलतात. मग यंदा चार्जर लावलेला खांब पुढच्या वर्षी शेजाऱ्याकडे जाणार. भांडण तिथेच सुरू होतं.

यावर उपाय आहे. इमारतीत पाण्याची मुख्य लाइन एकच असते आणि प्रत्येक घर तिला आपला फाटा जोडतं. विजेचंही तसंच करा. मीटर रूममधून एक जाड केबल पार्किंगभर ट्रेमधून फिरवायची, ठरावीक अंतरावर जोडणीचे डबे ठेवायचे, ज्याची गाडी येईल त्याने जवळच्या डब्यातून सबमीटर लावून वीज घ्यायची. केबल आणि डबे सोसायटीचे, चार्जर सभासदाचा. जागा बदलली की स्क्रू काढून चार्जर न्यायचा.

दुसरं उत्तर: ‘ट्रान्सफॉर्मर उडेल.’ आता हिशेब करू. शहरातली गाडी दिवसाला चाळीस किलोमीटर चालली तर तिला साधारण सहा युनिट लागतात. गीझरला असतो तसा सोळा अँपिअरचा पॉइंट तीन किलोवॉट देतो. म्हणजे दोन तासांत काम झालं. गाडी पार्किंगमध्ये रात्रभर उभी असते. तरी प्रत्येक जण ७.२ किलोवॉटचा वॉलबॉक्स मागतो, कारण तो गाडीसोबत मिळतो. अनेक फ्लॅटचा मंजूर भारही तेवढा नसतो. अशा शंभर वॉलबॉक्सची बेरीज सातशे वीस किलोवॉट होते आणि तो आकडा ऐकून कमिटी घाबरते. घाबरावं असाच आकडा आहे. पण रात्री अकरा ते सकाळी सहा या वेळात गाड्या पाळीपाळीने चार्ज केल्या, तर भार त्याच्या एका छोट्या हिश्श्यात बसतो. ही पाळी लावणारी यंत्रणा बाजारात मिळते. ती सामाईक केबलवर चालते. प्रत्येकाने आपापली तार ओढली की पाळी कोण लावणार?

तिसरं उत्तर: ‘आग लागेल.’ ही भीती खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेणार नाही. फक्त आगीचं कारण नीट ओळखा. चार्जिंग पॉइंटवरची आग बहुधा बारीक तारेतून, सैल स्क्रूमधून आणि नसलेल्या अर्थिंगमधून येते. गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो, गाडी तोच करंट तासन्‌तास ओढत राहते. चालू असलेल्या एखाद्या पॉइंटपाशी जाऊन बघा. सॉकेटच्या तीन भोकांपैकी एकाभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक पिवळट-तपकिरी पडलेलं दिसलं, की आतला स्क्रू सैल आहे. तिथे रोज रात्री उष्णता साचते आहे. त्याच दिवशी तो पॉइंट बंद करा.

आता तारेकडे येऊ. मीटर रूमच्या दारात मोजपट्टी घेऊन उभे राहा. समोरची तुमची पार्किंगची जागा डोळ्यांना पंचवीस मीटरवर दिसते. पण तार नजरेसारखी सरळ जात नाही. ती मीटरपासून छतापर्यंत चढते, बीमच्या कडेने वळते, फायरच्या लाल पाइपला वळसा घालते, ड्राइव्हवे ओलांडते, दोन कोपरे घेते आणि खांबावरून पुन्हा खाली उतरते. पंचवीसाचे साठ मीटर सहज होतात. या साठ मीटरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली आणि बत्तीस अँपिअर ओढले, तर वाटेतच अठराएक व्होल्ट गळतात आणि अर्ध्या किलोवॉटहून जास्त वीज तारेतच उष्णता होते. तीच तार दहा चौरस मिलिमीटरची घेतली तर व्होल्टेजची घट सातावर येते. म्हणून जागा निवडताना लिफ्टपासूनचं अंतर मोजू नका, तारेची लांबी मोजा. चाळीस पावलं जास्त चालायला लागली तरी चालेल, तार चाळीस मीटरने कमी झाली पाहिजे. शेजाऱ्याशी जागेची अदलाबदल करून हे साधत असेल तर आधी तेच करा.

शोरूमकडून येणाऱ्या ‘फ्री इन्स्टॉलेशन’लाही हाच प्रश्न विचारा. त्यात किती मीटर तार आहे आणि किती जाडीची? ठरावीक लांबीपुढे मीटरमागे पैसे लागतात आणि पैसे वाचवायचे म्हणून तार बारीक होते. जाडी कोटेशनवर लिहून घ्या. गळती होताच वीज तोडणारा, ईव्हीला चालेल अशा प्रकारचा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी त्यात आहे का, हेही बघा.

आणि अर्थिंग. सोसायटीच्या अर्थ पिटमध्ये शेवटचं पाणी कधी घातलं, हे सेक्रेटरींना विचारा. मुरमाच्या आणि काळ्या खडकाच्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये पिट कोरडी पडते. अर्थिंग नीट नसेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंगच सुरू करत नाहीत. चार्जरवर लाल दिवा लागतो आणि लोक गाडीला दोष देतात. अर्थिंग मोजून घ्यायला वायरमनला अर्धा तास पुरतो.

पाण्याचा धडा तरी आपण एव्हाना शिकायला हवा होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यात आंबिल ओढा घराघरांत शिरला. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगच काय, तळमजलेही पाण्याखाली गेले. तरीही नव्या इमारतींत चार्जिंगसाठी खालच्या बेसमेंटचा कोपरा राखून ठेवतात, कारण ती जागा दुसऱ्या कोणाला नको असते. पर्याय असेल तर बेसमेंट टाळा. स्टिल्ट किंवा पोडियम निवडा. पॅनेल आणि चार्जर दोन्ही पुराच्या जुन्या खुणेच्या वर बसवा आणि ती खूण इमारतीतल्या सगळ्यात जुन्या वॉचमनला विचारा. जिन्याचं तोंड, लिफ्टची लॉबी, गॅस बँक आणि जनरेटरच्या डिझेलची टाकी यांच्यापाशी चार्जर नको. माणसं ज्या वाटेने पळतात ती वाट मोकळी राहिली पाहिजे.

बिल्डरच्या माहितीपत्रकात आता ‘ईव्ही रेडी’ असं छापलेलं असतं. केंद्राच्या आदर्श इमारत नियमावलीत २०१९ सालीच वीस टक्के पार्किंगला चार्जिंगची सोय असावी अशी तरतूद आली. बुकिंगच्या टेबलावर तीन प्रश्न विचारा. पाइपमध्ये केबल आहे की पाइप रिकामा आहे? पॅनेलमध्ये त्यासाठी जागा सोडली आहे का? इमारतीच्या मंजूर भारात चार्जिंग धरलं आहे का? उत्तर लेखी मागा. यांत्रिक स्टॅक पार्किंग असेल तर चौथाही विचारा: वर-खाली सरकणाऱ्या ट्रेवर वीज कशी देणार? तिथे बहुधा जमिनीवरच्या दोन-तीन सामाईक जागांवर पाळीचे चार्जर ठेवणं हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

बिलाचाही विचार जागेबरोबरच होऊ द्या. घरच्या मीटरवर घरगुती दराने गाडी चार्ज करता येते. पण त्या दराला शंभर, तीनशे, पाचशे युनिटचे टप्पे आहेत. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे दीडशेएक युनिट. आधीच सव्वादोनशे युनिट जाळणारं घर त्याने वरच्या टप्प्यात जातं. स्वतंत्र ईव्ही जोडणीचा दर वेगळा असतो. दोन्ही हिशेब शेजारी मांडा आणि मग ठरवा. सोसायटीच्या कॉमन मीटरवर मात्र सबमीटरशिवाय एकही गाडी नको. ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्या मेंटेनन्समधून तुमचे किलोमीटर जाता कामा नयेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही सगळी चर्चा चारचाकीवाल्यांची होते आणि स्कूटरवाले तिच्यात नसतात. त्यांना पार्किंगमध्ये पॉइंट मिळत नाही, म्हणून कोणी बॅटरी काढून घरात नेतं आणि टीव्हीशेजारी लावून झोपतं, कोणी बाल्कनीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडतं. २०२२ साली वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि एका लहान मुलाचा जीव गेला. ज्या कमिटीने आगीच्या भीतीने पार्किंगमधला पॉइंट नाकारला, तिने आग झोपायच्या खोलीत पाठवली, एवढं लक्षात घ्या. मोकळ्या हवेच्या भिंतीला सोळा अँपिअरच्या सॉकेटची एक रांग, प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी आणि सबमीटर, वर पावसाचं छप्पर. सोसायटीच्या एका रंगकामाच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. त्या रांगेत वॉचमनच्या आणि कामाला येणाऱ्या मावशींच्या स्कूटरलाही जागा द्या. वापरलेल्या युनिटचे पैसे त्याही देतील.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. या वर्षीच्या विषयपत्रिकेवर एक ठराव घाला. परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून इमारतीच्या भाराची आणि अर्थिंगची तपासणी. सामाईक केबलचा मार्ग, नकाशासह. स्कूटरसाठी सॉकेटची रांग. स्वतःची तार ओढायला आणि एक्स्टेन्शन बोर्डला बंदी. अर्जाला लेखी उत्तर द्यायची मुदत. नकार असेल तर त्याचं तांत्रिक कारण, सहीसकट.

इमारतीत अजून एकही इलेक्ट्रिक गाडी नसेल तर ठराव करायला हीच सगळ्यात चांगली वेळ आहे. आज कोणाचा स्वार्थ त्यात अडकलेला नाही, म्हणून केबलचा मार्ग इमारतीच्या सोयीने ठरेल. दहा गाड्या आल्यावर दहा तारा छताला लोंबत असतील, प्रत्येक तारेमागे एक चिडलेला सभासद उभा असेल आणि त्या काढून नवी केबल टाकायचा खर्च पुन्हा सगळ्यांच्याच मेंटेनन्समधून जाईल.